बिजागरीची काटेकोर व्याख्या

ज्या देशाशी आपले बिनसले आहे त्याच्या मालावर आयात कर लावला, की तो कर त्या देशालाच भरावा लागतो, ही गोष्ट सर्वमान्य आहे. (सर्वमान्य गोष्टींचा पुरावा मागायचा नसतो.)

त्यामुळे शेजारच्या देशाच्या मंत्र्याने परिषदेत आपल्या मंत्र्याशी हस्तांदोलन करताना स्वतःच्या घड्याळाकडे पाहिले, तेव्हा कर लावणे भागच पडले. तत्पूर्वी 'शेजाऱ्यांना धडा शिकवावा का?' असे घरोघरी विचारण्यात आले. ९१.४ टक्के लोकांनी 'होय' वर खूण केली.

कर कशावर लावायचा, हे ठरवण्याचे काम शुल्क विभागातल्या एका तरुण विश्लेषकाकडे आले. तो भौतिकशास्त्र शिकलेला होता. किती वाजले विचारले तर सेकंदांसकट सांगायचा, म्हणून विभागात त्याला 'दशांश' म्हणत.

दशांशने याद्या चाळल्या. शेजाऱ्यांचे सगळ्यांत मोठे कारखाने बिजागऱ्यांचे निघाले. कर दीडशे टक्के ठरला. पण व्यापारी काय, बिजागरीला दुसरेच काही नाव देऊन आणतील. म्हणून त्याने तीन दिवस खपून व्याख्या लिहिली: 'बिजागरी म्हणजे दोन भाग जोडून त्यांना एका अक्षाभोवती वाकू देणारी कोणतीही वस्तू, मग ती कशाचीही बनलेली असो व कुठेही बसवायची असो.'

"वा!" साहेब म्हणाले. "यातून मुंगी निसटायची नाही."

नाही निसटली. पहिल्याच महिन्यात बंदरावर कपाटांची दारे अडकली, कात्र्या अडकल्या, घडीच्या खुर्च्या, चष्म्यांच्या फ्रेमा, एका बाहुलीवाल्याची सबंध नाटक कंपनी आणि चाळीस कृत्रिम गुडघे. त्यातला एक, डावा, दशांशच्या आईसाठी मागवलेला होता.

आई तिसऱ्या मजल्यावरून शेवटची खाली उतरली त्याला आठ महिने झाले होते. ऑपरेशन गुरुवारी होते. करसवलतीचा कागद आणा, नाहीतर तारीख विसरा, असे इस्पितळाने कळवले.

"अरे, तुझ्याच ऑफिसातलं आहे ना हे? सांग की कुणाला तरी."

"आई, ते कुणीतरी म्हणजे मीच. सवलतीचे अर्ज माझ्याच टेबलावर येतात."

"मग तर झालंच की काम!"

"रीतसर अर्ज कर. बघतो."

अर्ज आला. दशांश मोजपट्टी घेऊन स्वतः बंदरावर गेला. गुडघा दोन भाग जोडत होता. एका अक्षाभोवती वाकतही होता. (त्याने दोनदा तपासले, दुसऱ्यांदा डोळे पुसून.) सवलत दिल्यास दबाव ढिला पडल्याचा संदेश शेजाऱ्यांना जाईल, असे परिपत्रकात स्पष्ट होते. चार महिलांचे उजवे गुडघे त्याने आदल्याच आठवड्यात नाकारले होते. आईचा डावा मंजूर करणे शास्त्राला धरून झाले नसते.

बुधवारी लिफाफा घरी आला. आईने तो उजेडाकडे धरून वाचला.

"सही कुणाची रे ही? वळण ओळखीचं वाटतंय."

"सक्षम अधिकाऱ्याची."

"असं होय. आई नसेल बिचाऱ्याला." तिने कागदाची नीट घडी घातली. "आणि 'होय' वर खूण मीच केली होती ना. म्हटलं, धडा त्यांना शिकवताहेत."

पुढच्या परिषदेला शेजारचे मंत्री घड्याळ न घालता आले. विभागाने याची नोंद 'दबावाचा परिणाम' अशी केली आणि परिणाम टिकावा म्हणून कर कायम ठेवला. मग पुन्हा घरोघरी विचारणा झाली. या वेळी ९३ टक्के 'होय' आले. उरलेल्या सात टक्क्यांच्या घरांची दारे उघडेनात, त्यामुळे त्यांचे मत कळू शकले नाही.

तुमचे दार उघडले होते, हे नोंदीत आहे. तेव्हा वाचून झाल्यावर चष्मा मिटताना जरा जपून. काडी मोडलीच, तर सवलतीच्या अर्जाचा नमुना तिसऱ्या खिडकीवर मिळतो. उत्तर काटेकोर येईल, याची खात्री बाळगा.