सरळ रेषेतला पलंग

“गेल्या वर्षीसारखं गल्लीतून वळलो असतो, तर एव्हाना केक खात बसलो असतो,” विल्फ टॉलीडे पुढे चालणाऱ्या पाद्रीबाईंच्या कॉलरला उद्देशून पुटपुटला.

पाद्रीबाईंनी ऐकू न आल्याचं दाखवलं. गावात टिकायचं तर ती कला लागते.

आमच्या एल्डरकोमची शीवफेरी दर मे महिन्यात निघते. हातात वाळुंजाच्या काठ्या घ्यायच्या, पॅरिशच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीच्या, शिवेवरून चालायचं आणि वाटेतला एकेक जुना दगड बडवायचा, म्हणजे शेजारच्या मॉर्वेलवाल्यांनी हद्द पुढे सरकवली नाही याची खात्री पटते. त्यांनी चारशे वर्षांत ती सरकवलेली नाही. पण त्यांचा काय भरवसा?

फेरीच्या पुढे मिसेस म्यूरियल पॉटिंजर होत्या. गावाचा इतिहास म्हणजे म्यूरियलबाई. पंधराशे तीस साली कुणाचं डुक्कर कुणी पळवलं हे त्या काल घडल्यासारखं सांगत, आणि पळवणाऱ्याच्या वंशजांना नाताळात जरा कमी पुडिंग वाढत. चर्चच्या दफनभूमीची समितीही त्यांच्याच हातात होती. तिथे आता पाचच जागा मोकळ्या होत्या, म्हणून त्यांनी जुन्या दप्तरातला एक नियम पुन्हा लागू केला होता: ज्याचा पलंग पॅरिशात, त्यालाच जागा.

त्या नियमात पहिला सापडला विल्फ. त्याने चाळीस वर्षं त्याच दफनभूमीत खड्डे खणले होते आणि मार्चमध्ये आईशेजारी जागा मागितली होती. म्यूरियलबाईंनी स्वतः पावलं मोजली. ओढा ओलांडून अकरा पावलांवर विल्फचं दार, म्हणजे मॉर्वेल. अर्ज नामंजूर. पन्नास वर्षं त्यांना ‘म्यूरियल’ म्हणणारा विल्फ त्या दिवसापासून ‘मिसेस पॉटिंजर’ म्हणू लागला, आणि तेही मोजूनमापून.

बाईंची स्वतःची जागा मात्र पक्की होती, नवऱ्याशेजारी. सिरिलला जाऊन सात वर्षं झाली होती. त्याच्या दगडावर खाली त्यांचं नाव कोरूनही झालं होतं. फक्त शेवटचं साल बाकी होतं.

या हिवाळ्यात त्यांना सोळाशे एक्केचाळीसची नोंद सापडली. ओढ्याकाठच्या वाकड्या दगडापासून चर्चच्या मनोऱ्याकडे शीव सरळ जाते, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं. आणि फेरी तर दरवर्षी सफरचंदांच्या बागेपाशी गल्लीत वळायची. ते वळण सिरिलने पाडलेलं. “पुढे बदकं चावतात,” असं तो म्हणायचा. ती बदकं कुणी पाहिली नव्हती, तरी सगळे वळायचे.

“यंदा वळण नाही,” बागेपाशी आल्यावर बाईंनी जाहीर केलं होतं. त्याबरोबर लोकांना एकदम खाजकुयलीची आठवण झाली. पाद्रीबाईंचा गुडघा दुखू लागला. कुणीतरी तर त्या बदकांची पिल्लंही पाहिली होती.

“सोळाशे एक्केचाळीसमधल्या माणसांना खाजत नव्हतं का?” बाईंनी विचारलं आणि त्या कुंपणात घुसल्या. मागून आम्ही तेरा जण.

मनोऱ्यावर नजर ठेवून चाळीसेक पावलं गेल्यावर त्यांची काठी भिंतीवर आपटली. त्यांनी मान खाली केली. समोर एक खिडकी होती, खिडकीत मुरंब्याच्या बरण्या होत्या, आणि बरण्यांवर त्यांच्याच अक्षरात नावं होती.

तेराही जण आपापले बूट न्याहाळू लागले.

“फेरी थांबत नसते,” बाई म्हणाल्या, पण आवाज जरा बारीक झाला होता. सगळे एकामागून एक खिडकीतून बाईंच्याच स्वयंपाकघरात उतरले. बाईंनी शिवेच्या रेषेवर सुतळी ताणली. सुतळी स्वयंपाकघराच्या टेबलावरून गेली. किटली एल्डरकोममध्ये राहिली, दुधाचं भांडं मॉर्वेलमध्ये गेलं. पुढे ती झोपण्याच्या खोलीच्या उंबऱ्याला चिकटून पार झाली. पलंग चारही पायांनिशी मॉर्वेलमध्ये उभा होता.

बाई खुर्चीत बसल्या, लगेच उठल्या, पुन्हा बसल्या. त्यांना दगडावरचं आपलं नाव दिसत असावं.

पाद्रीबाईंनी सुचवून पाहिलं की नियम तुम्हीच पुन्हा लागू केलात, तर थोडं इकडेतिकडे... बाईंनी ते मधेच तोडलं. विल्फ टॉलीडेंना लावला तो नियम आपल्यालाही. आता पलंगच अलीकडे आणायचा, आत्ताच्या आत्ता.

पलंग ओकचा. सिरिलने खोलीतच बसून बनवलेला, त्यामुळे दाराशी त्याची कधी ओळखच झाली नव्हती. उशाकडून चौघांनी ओढला, पायथ्याकडून विल्फने ढकलला. अर्धा पलंग दारातून आला आणि तिथेच रुतला. आता उशी एल्डरकोममध्ये होती आणि पाय मॉर्वेलमध्ये. डोकं महत्त्वाचं की पाय, यावर वाद झाला. पाद्रीबाईंचं मत डोक्याच्या बाजूने पडलं. पण दप्तरात तसं लिहिलेलं नाही, असं बाई म्हणाल्या. त्यांनी पलंगाला एक हिसका दिला, मग दुसरा. मग शेडमधून करवत आणायला सांगितली.

“कापा,” त्या म्हणाल्या. “आज रात्री मी इकडे झोपणार. मग मला सिरिलपासून कुणी हलवू शकणार नाही.”

पाद्रीबाई छताकडे बघत राहिल्या. विल्फने पायथा हळूच खाली ठेवला, पलीकडच्या कडेवर बसला आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“म्यूरियल,” तो म्हणाला, “सिरिलचा खड्डा मी खणलाय. तोही याच पलंगावर, मॉर्वेलमध्येच झोपायचा गं.”