ठकूआजीचे पाच तारे

एका जंगलात कपड्यांचं एक दुकान होतं. जंगलात कपडे कोण घालतं, असं विचारू नका. तुम्ही तरी कपाटातले सगळे कुठे घालता? गप्प बसून ऐका.

दुकान गेंड्याचं. त्याला सगळे गेंडाशेट म्हणत. शेटजी स्वतः उघडेच फिरत, पण दुसऱ्याला काय शोभेल याची त्यांना फार जाण होती. एके दिवशी त्यांनी जाहीर केलं की यापुढे दुकानात काही मिळणार नाही, सगळं मोबाइलच्या ॲपवर मागवायचं. का, तर शेजारच्या जंगलात तसं असतं म्हणे.

गेंडाशेटच्याच जंगलात ठकूआजी नावाची अस्वलीण राहायची. तिच्या लेकीच्या बाळाचं बारसं आठ दिवसांवर आलं होतं. बारशाला बाळाच्या डोक्यावर आजीने आणलेली कुंची हवी, नाहीतर विहीणबाई जन्मभर बोलून दाखवतात. म्हातारीच्या जिवाला घोर लागला. तिने ॲप उघडलं आणि लाल कुंचीवर बोट ठेवलं. बोट कसलं, अख्खा पंजाच. घरी चार टाय आले.

ॲपने लगेच विचारलं, खरेदी कशी वाटली? आजीने वैतागून ते पुसायला पंजा फिरवला, तर पाचच्या पाच तारे पिवळे झाले.

आजी टाय घेऊन दुकानात गेली. तिथे आता एक मुंगूस बसलं होतं. ॲप वापरायला सोपं करण्यासाठी शेटजींनी त्याला मुद्दाम आणलं होतं. त्याने भिंतभर रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या आणि त्यांच्याकडे बघत ते दिवसभर मान हलवायचं.

बटणं मोठी कर आणि लांब लांब ठेव, एवढंच आजीचं म्हणणं होतं. मुंगसाने तिचं नाव शोधलं.

"पण आजी, तुम्ही तर पाच तारे दिलेत."

"मी नाही रे बाबा दिले. हा पंजा लागला."

"असं कसं? आमच्या नोंदीत तुम्ही खूश आहात."

मग मुंगसाने शेटजींना सगळी माहिती दाखवली. अस्वलं, हत्ती, गवे एका वेळी चार-चार वस्तू घेतात आणि वर पाच तारे देतात. खारी मात्र हवी तेवढी एकच वस्तू घेतात आणि तारे तीनच देतात. काय करायचं ते उघडच होतं. बटणं आणखी बारीक केली, आणखी जवळ आणली. वर एक फुलपाखरू उडत ठेवलं. शेटजींना फुलपाखरू फार आवडलं.

आजीने नव्या ॲपवर पुन्हा कुंची मागवली. नऊ पट्टे आणि एक छत्री आली. बारसं उद्यावर आलं. मला या म्हातारीची खरंच दया येते. तुम्हाला येत नसेल, तर तुम्ही पुढे मोठे साहेब व्हाल.

बारशाच्या दिवशी सकाळी आजी पुन्हा दुकानात गेली. लाल कुंची मुंगसाच्या मागे फळीवरच होती.

"ती दे," आजी म्हणाली.

"अशी देता येत नाही, आजी. तुम्ही ॲपवर मागवा, मग मी ती इथूनच काढून तुमच्या घरी पाठवतो."

आजीने हात लांब केला, कुंची उचलली आणि बारशाला निघाली. मुंगूस आडवं आलं नाही. अस्वलाचा पंजा केवढा असतो, हे त्याला तेव्हा पहिल्यांदाच दिसलं.

बारसं थाटात झालं. कुंचीत बाळ गोड दिसत होतं. विहीणबाईंना बोलायला जागा उरली नाही, म्हणून त्या जेवणाला नावं ठेवून गेल्या.

इकडे मुंगसाने शेटजींना अहवाल दिला. खरेदीची नवी पद्धत सापडली आहे. पासवर्ड लागत नाही, बटण लागत नाही, वस्तू एका झटक्यात गिऱ्हाइकाच्या हातात. गिऱ्हाईक अत्यंत खूश. शेटजींनी त्याचा पगार वाढवला.

तात्पर्य : चोरी करणं फार वाईट. ज्यांची बोटं बारीक आहेत, त्यांनी ती कधीही करू नये.