गोगलगायींचे रेक्टर

महिनाभर बाहेरगावी जाताना लेकीनं समुद्री गोगलगायींची टाकी वडिलांच्या हवाली केली. वडील म्हणजे मुलांच्या वसतिगृहाचे निवृत्त रेक्टर. घरातल्या चपलासुद्धा त्यांच्या धाकानं रांगेत असायच्या. "पाणी बदला, शेवाळ घाला, बाकी काही करू नका," असं बजावून ती गेली. या गोगलगायींच्या शुक्रपेशींची आतली रचना हे तिच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण. मोठ्या सूक्ष्मदर्शकाची तारीख खेटे घालून मिळवलेली, तीही परतल्याच्या दुसऱ्या दिवशीची.

परत येऊन बघते तर टाकी रिकामी आणि खिडकीत ओळीनं बरण्या. प्रत्येकीत एक गोगलगाय.

"बाबा, हे काय?"

"एकमेकांच्या पाठीवर चढून बसत होत्या. दिवसाढवळ्या. मी प्रत्येकीला स्वतंत्र खोली दिली."

"अहो, त्या तशाच राहतात. खाली मादी, वर नर. नराला एकटं ठेवलं की त्याची हळूहळू मादी होते."

रेक्टरांनी चष्मा पुसला. "माझ्या हॉस्टेलात असं कधी झालं नाही."

लेकीनं एकेक बरणी उचलून बघितली आणि ती रडायला लागली. जवळजवळ सगळे नर बदलून गेले होते. एक तेवढा अर्ध्या वाटेवर होता. रेक्टर त्या रात्री जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी तो एकुलता नमुना घेऊन ती प्रयोगशाळेत गेली. पडद्यावर शुक्रपेशी होत्या, पण त्यांचा नुसता पसारा झालेला. डोकी शाबूत, शेपट्या विरघळायला लागलेल्या, शेजारच्या पेशी तुकडे गिळत बसलेल्या. आता बोलणी खायची, म्हणून तिनं मान खाली घातली. गाईड मॅडम मात्र खुर्ची ओढून पडद्याला चिकटल्या.

"ही आवराआवर मी कधीच बघितली नव्हती. नेमकी पकडलीस कशी?"

"वडिलांनी पकडली."

"मग त्यांनाच सांग. असे आणखी नमुने हवेत."

लेक धावत घरी आली. इकडे रेक्टरांनी पश्चात्तापानं सगळ्या गोगलगायी पुन्हा टाकीत, जोडीजोडीनं बसवल्या होत्या. नवे नर आणून परत वेगळे करायचे म्हटल्यावर ते दोन्ही हात आडवे करून टाकीसमोर उभे राहिले.

"एकदा संसार मोडले, तेवढं पाप पुरे."

"बाबा, माझा प्रबंध त्याच्यावर आहे हो."

 रेक्टर बरण्या काढून धुवायला लागले. "ठीक आहे. पण रविवारी चार ते पाच भेटीची वेळ राहील. ती मी हॉस्टेलातसुद्धा ठेवली होती."

लेकीनं निमूटपणे ती अट प्रबंधात लिहिली. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं, सगळ्या चित्रांना मनापासून दाद दिली आणि एकच शंका काढली.

"फक्त एकच तास?"