रायफलीची शनिवारची आंघोळ

सुरुवातीलाच सांगून ठेवते, मी जे केलं ते पुन्हा करेन. गावातली माणसं अजून मला बघून हसतात. हसू देत.

आमच्या तळ्याकाठच्या गावात दर ऑगस्टमध्ये जुन्या सैनिकी रायफलींची नेमबाजी होते. त्यात एक गट दुर्बिणीच्या रायफलींचा असतो, युद्धात लपून नेम धरणाऱ्यांच्या. या गटात आता तीनच रायफली उरल्या होत्या. त्यातली एक माझ्या विल्पू आजोबांची. क्लबने ठराव करून टाकला होता की यंदा तीनपेक्षा एक जरी कमी आली तरी गट कायमचा बंद. आजोबा सत्त्याहत्तर वर्षांचे. साध्या रायफलीवरून त्यांना निशाण तर सोडाच, निशाणामागचं जंगलही दिसत नाही. दुर्बिणीतून मात्र लख्ख दिसतं. गट बंद म्हणजे त्यांची नेमबाजी बंद. (ते असं काही म्हणाले नाहीत. ते काहीच म्हणत नाहीत. पण जुलैपासून त्यांनी कॉफीचा दुसरा कप घेणं सोडलं होतं, आणि आमच्याकडे याला आकांत म्हणतात.)

अडचण होती तपासनीस रौतिओंची. हे गृहस्थ भिंग घेऊन प्रत्येक रायफल तपासतात. नियम नऊ असा आहे की रायफल सैन्याने दिली तशीच हवी. लाकूड त्या काळचं, दुर्बीण त्या काळची, दुरुस्ती केलीच तर तीही आघाडीवरचे शिपाई करत तशी. गेल्या वर्षी त्यांचं बोट आजोबांच्या रायफलीच्या लाकडी दस्त्याला चिकटलं. चाळीस वर्षं आजोबा त्याला हाताला येईल ते तेल चोपडत आले होते, एकदा तर होडीचं व्हार्निशसुद्धा. रौतिओंनी बोट सोडवलं आणि बजावलं की हा थर युद्धातला नाही, पुढच्या वर्षी काढून आणा, नाहीतर रायफल अपात्र.

घासून काढावा तर लाकूड झिजणार, आणि झिजलेलं लाकूड अपात्र. मी विद्यापीठात चार वर्षं काढलेली मुलगी. मुरलेलं तेल उष्णतेने बाहेर येतं एवढं मला कळत होतं. आणि शनिवार होता. सौना, म्हणजे आमची अंगणातली लाकडी वाफेची न्हाणी, तापलेलाच होता.

मी दस्ता सुटा केला, टॉवेलमध्ये गुंडाळला आणि सगळ्यात वरच्या फळीवर कोपऱ्यात उभा टेकवून ठेवला. वीस मिनिटं, फक्त वीस मिनिटं ठेवायचा, असं ठरवून मी स्वयंपाकघरात वेलचीचे पाव भट्टीत सरकवायला गेले.

तेवढ्यात सायमी आत्या सौनात शिरली. आत चष्मा घालता येत नाही, धुरकट काच, टॉवेल पांघरलेलं कोणीतरी कोपऱ्यात गप्प बसलेलं. आत्याला वाटलं, आजोबाच. तिने नेहमीच्या जागी बसून त्यांना होडीच्या धक्क्याच्या मोडक्या फळीबद्दल विचारलं. उत्तर नाही. (यात तिला काही वावगं वाटलं नाही.) मग बोलायला सापडलेच आहेत म्हणून तिने तीस वर्षांचं साठलेलं सगळं गाऱ्हाणं काढलं, आणि प्रत्येक मुद्द्यागणिक तापल्या दगडांवर पळीभर पाणी ओतत गेली. मी दार उघडलं तेव्हा वाफेच्या ढगातून ती बाहेर आली, लालबुंद आणि समाधानी.

"अगं हेल्का, आज पहिल्यांदा त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं."

"आत्या, आजोबा होडीवर आहेत."

ती वळून बघत राहिली. मी आत गेले. थर उतरला होता, अगदी स्वच्छ. पण लाकूड वाफ पिऊन असं काही वळलं होतं की नळी बसवली तर पडायला आलेल्या दातासारखी हलत होती. उद्या सकाळी स्पर्धा. मी कॉफीच्या पाकिटाची एक पट्टी कापून फटीत सारली, स्क्रू आवळले आणि आजोबांना सगळं सांगितलं. त्यांनी नळी हलवून पाहिली. "हं," म्हणाले. रात्रभर मला त्या 'हं'चा अर्थ लागला नाही.

सकाळी मैदानावर रौतिओंनी भिंग लावलं आणि दोन मिनिटांत ती पट्टी चिमट्याने ओढून काढली.

"हे काय?"

मी अजिबात डगमगले नाही. (शेजारी नेमबाजांच्या रांगेत कोणी सरावाची गोळी झाडली तेव्हा मी त्यांच्या टेबलाला धडकले, ते वेगळं.) मी नियमावली चार वेळा वाचून आले होते. म्हटलं, नियमात आघाडीवरच्या दुरुस्तीला मुभा आहे, शिपाई हाताला मिळेल त्याची पट्टी घालत. रौतिओ म्हणाले, बरोबर आहे, पण युद्धात देशात कॉफीच नव्हती, तेव्हा कॉफीचं पाकीट आघाडीवर आलं कुठून?

मागे रांगेत हशा झाला. आजोबांनी टोपी काढली आणि रायफल उचलायला हात पुढे केला. निघायलाच. त्यांचा तो हात पाहिला आणि माझं डोकं फिरलं.

"थांबा," मी म्हटलं. "भूर्जाची झाडं युद्धात होती ना? नियमात कुठे लिहिलंय की दुरुस्ती इथे, आता, तुमच्यासमोर करायची नाही?"

रौतिओंनी पानं उलटली. लिहिलेलं नव्हतं. मी आजोबांचा चाकू घेतला, कुंपणापाशी पडलेल्या भूर्जाची साल सोलली आणि सगळ्या गावासमोर गुडघ्यांवर बसून पट्टी कापली. पट्टी वाकडी झाली, दुसरी त्याहून वाकडी, तिसरी मी तशीच कोंबली. शेजारून येणाऱ्या प्रत्येक गोळीच्या आवाजाला दचकत स्क्रू आवळले. एक उलटा फिरवला, तो पुन्हा फिरवला. नळी हलायची थांबली. मी उठून उभी राहिले आणि म्हटलं, आता अपात्र ठरवून दाखवा.

रौतिओ बराच वेळ भिंगातून बघत होते. मग त्यांनी तक्त्यात 'पात्र' लिहिलं. गट वाचला. आजोबांनी टोपी घातली.

मी तिथेच थांबायला हवं होतं. पण मला कारण लेखी हवं होतं, म्हणजे पुढच्या वर्षी कोणी शंका काढायला नको. रौतिओंनी सावकाश लिहून, शिक्का मारून कागद दिला. तो आता क्लबच्या भिंतीवर काचेत आहे:

"हे काम कोणत्याही जाणत्या हाताचं असणं शक्य नाही. भेदरलेल्या, नवख्या शिपायाने गोळीबारात करावी तशीच ही दुरुस्ती आहे. सबब, अस्सल."