चाळीत ससे, पलंगाखाली कांदा

विंचूरच्या बाजूला आमचं गाव. तिथं एक वर्ष असं गेलं, की कांदा आमच्या पलंगाखाली झोपला आणि ससे कांद्याच्या चाळीत. पाहुणे नाकाला पदर लावून चहा प्यायचे. ही करणी कुणाची म्हणाल, तर माझ्या धाकट्या दिरांची, दत्तूभाऊजींची.

ऐंशीनंतरची गोष्ट ही. जोडधंदा म्हणून कुठल्याशा योजनेतून भाऊजींना सहा पांढरे ससे मिळाले, सोबत तारेचे पिंजरे, एकावर एक रचायचे. भाऊजींनी एक ससा आत सोडला आणि पुढ्यात उकिडवे बसून बघत राहिले. ससा मागच्या पायांवर उभा राहिला, तसे त्याचे कान वरच्या तारेला लागून वाकले. झालं. भाऊजी उठले आणि चाळीतला कांदा पाट्या भरभरून घरात ओतायला लागले.

मी म्हटलं, अहो, चाळ कशासाठी बांधतात? वारं खेळावं, माल सडू नये म्हणून ना? तर म्हणाले, "मग सशाला नको का वारं, वैनी?"

चाळीत त्यांनी गव्हाचं काड पसरलं, लपायला द्राक्षाची जुनी खोकी ठेवली, लसूणघासाच्या पेंढ्या टांगल्या. ससे या टोकापासून त्या टोकापर्यंत उड्या मारायचे आणि दमले की पाय ताणून खुशाल आडवे व्हायचे. रिकाम्या पिंजऱ्यांत मी कुरडया वाळत घातल्या. कावळ्यांचा परस्पर बंदोबस्त झाला, खोटं कशाला बोलू.

तेव्हापासून भाऊजींचं एकच माप. "कान टेकतात का?" एसटीत चढले तरी आधी छताकडे बघायचे. माझ्या लेकीसाठी नाशिकला स्थळ पाहायला गेलो, तर मुलाचं शिक्षण, नोकरी राहिलं बाजूला. हे थेट पोटमाळ्याखाली जाऊन उभे. "पोरगी झोपणार कुठं? तिथं वर? कान टेकत्यात." स्थळ मोडलं. आमचे हे कितीतरी दिवस भावाशी बोलले नाहीत.

मग एकदा योजनेचे साहेब जीप घेऊन आले. पिंजरे कुठे, म्हणाले. मी कुरडया दाखवल्या. आधी हसले, मग कडक झाले. ससे पिंजऱ्यात ठेवायचे, नाहीतर आत्ताच्या आत्ता परत न्यायचे, असा हुकूम. माणूस वाईट नव्हता. समजावून म्हणाला, "दत्तू, पिंजऱ्यातही ससा जगतो, वजन भरतं. म्हणजे जागा पुरते ना?"

भाऊजी चाळीच्या दारात आडवे झाले. पाय ताणून, चांगले लांबलचक.

"न्या. माझ्या अंगावर पाय देऊन न्या."

"काय हा पोरखेळ!"

"पुरती ना, साहेब. जागा कायबी पुरती. आमच्या सरूलापण पुरली व्हती."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. आता मला बोलणं भाग होतं.

सरू भाऊजींची बायको, माझी जाऊ. लग्न होऊन आली तेव्हा खाली आम्ही आणि सासूसासरे, म्हणून नव्या जोडप्याला माळा मिळाला. तिथं ताठ बसता यायचं नाही. सरू मान तिरकी करून वेणी घालायची, कान वाशाला लागलेला. वरून हसत मला हाक मारायची, "अक्का, कान टेकतात बघा." वेगळी खोली बांधू बांधू म्हणता म्हणता ती तापानं त्या माळ्यावरच गेली. मागाहून खोली झाली. भाऊजी तिच्यात कधी झोपले नाहीत, ओसरीवर झोपतात.

एवढंच मी साहेबांना सांगितलं.

साहेबांनी भाऊजींच्या अंगावरून वाकून चाळीत पाहिलं. एक ससा नेमका खोक्यावर चढून उभा होता, कान ताठ. शेवटी म्हणाले, "कुरडया काढून घ्या, बाई. पिंजरे तेवढे नेतो. ससे मेले म्हणून सांगतो."

भाऊजी पडल्या जागेवरून म्हणाले, "मेले म्हनू नका, साहेब. उभे हायत म्हना."

जीप गेली. ओसरीवर कांद्याचा एक ढीग बाकी होता, तो मी आत घ्यायला लागले. आमचे हे म्हणाले, पलंगाखाली आता मुंगीलासुद्धा जागा नाही.

म्हटलं, मग पलंग बाहेर काढा.