हुप्पे सरांचा खक्

एका जंगलात, बाळांनो, विद्यापीठ निघालं. घाबरू नका, जंगल आधीपासूनच होतं.

तिथे पाणवठ्याशी एक उंबर होता. उंबरावर हुप्पे नावाचा वानर राहायचा. त्याचं काम एकच. बिबट्या दिसला की 'खक्' करून ओरडायचं. खाली चरणारी चितळं ते ऐकून पळत सुटायची आणि वाचायची. हुप्पेची आई हेच करायची, आजीही हेच करायची. या कामाला काही नाव असतं हे त्यांच्या गावीही नव्हतं.

एकदा बाहेरून एक घुबड पाहुणं आलं. तू करतोस त्याला संज्ञापन म्हणतात, आणि परदेशात त्याची पदवी मिळते, असं ते हुप्पेला म्हणालं. झालं. हुप्पे सात डोंगर ओलांडून गेला आणि 'खक्: एक जागतिक परिप्रेक्ष्य' या प्रबंधावर डॉक्टर होऊन परतला. येताना गळ्यात मफलर होता. उन्हाळा होता, तरी होता.

मग पाणवठ्याशी 'वैश्विक माध्यम व संज्ञापन विभाग' उघडला. हुप्पे सर शिकवू लागले, उंबर रिकामा पडला. चितळांनी विचारलं, आता आम्हाला हाक कोण देणार? सरांनी त्यांनाच विद्यार्थी म्हणून दाखल करून घेतलं. नशीब एवढंच, की बिबट्या तेव्हा पलीकडच्या रानात नोकरीला होता.

विभागात साळिंदर मॅडम होत्या. त्यांच्या मते शब्द 'संज्ञापन' नव्हे, 'संप्रेषण' हवा. यावर दोन पावसाळे वाद चालला. चर्चासत्रं झाली, जेवणं झाली. शेवटी परीक्षेत दहा गुणांचा कायमचा प्रश्न आला: फरक स्पष्ट करा.

गोजरा नावाची म्हातारी चितळीण या प्रश्नात दोनदा नापास झाली. तिनं लिहिलं होतं, 'ओरडलं की पळायचं.' सरांनी लाल शाईनं शेजारी लिहिलं, 'संदर्भ?'

आता सरांना बढती हवी होती. शोधनिबंध ढीगभर होते, सगळे जिथे बिबटे नाहीत अशा दूरदूरच्या रानांत छापलेले. फक्त बाह्य तज्ज्ञाचा अहवाल बाकी होता.

तज्ज्ञ आले. डॉ. बिबटे. होय, तोच बिबट्या. हसू नका, चितळांचा त्यांचा अभ्यास खरोखर दांडगा होता.

त्यांनी चहा नाकारला. पोट रिकामंच बरं, म्हणाले. वर्ग उघड्यावर घ्या, मी मागे गवतात बसतो, उगाच मुलं बुजायला नकोत.

वर्ग उंबराखाली भरला. सर बऱ्याच वर्षांनी उंबरावर चढले आणि वरून त्यांना गवत दिसलं. तज्ज्ञ पोट जमिनीला टेकवून पुढे सरकत होते.

सरांच्या घशाशी जुनी हाक आली. ओरडावं तर बढती गेली. न ओरडावं तर एक विद्यार्थी गेला. ते क्षणभर गप्प बसले. त्या क्षणाबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. पण मग आई आठवली असेल, किंवा घशालाच त्यांच्यापेक्षा जास्त अक्कल असेल. मफलर ओढून काढून ते जिवाच्या आकांतानं ओरडले,

"खक्!"

असा खणखणीत खक् त्या जंगलानं ऐकला नव्हता. मला तर सरांना मिठी मारावीशी वाटली.

चितळांनी माना वर केल्या. वह्या काढल्या.

सुवर्णपदक ज्याचं ठरलेलंच होतं, त्या सगळ्यात हुशार चितळानं पाय वर केला. "सर, हे संज्ञापन झालं की संप्रेषण?"

गोजरा तेवढी पळाली.

सरांना उत्तर द्यायला वेळ मिळाला नाही. त्या वर्षी सुवर्णपदक कुणालाच दिलं गेलं नाही.

सर दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी अहवाल आला. 'उमेदवाराची विद्यार्थ्यांवरची पकड विलक्षण आहे. एवढा गोंगाट होऊनही, एक अपवाद वगळता, कुणीही जागचं हललं नाही. मी अत्यंत समाधानी आहे. दरवर्षी यायला आवडेल.'

सर प्राध्यापक झाले. चौथ्या दिवसापासून जेवूही लागले. वर्ग सोडून पळाली म्हणून गोजराचं नाव विभागातून काढलं. ती डोंगरापलीकडे एकटीच चरते. अंगानं चांगली भरली आहे, असं ऐकतो.

तात्पर्य: बाह्य तज्ज्ञांना उपाशीपोटी बोलवावं. अहवाल चांगला येतो.