चौथी दुरुस्ती

"आता आपल्या खोलीत वाऱ्यालासुद्धा विचारून यावं लागंल!" महिपती वेल्डरनं छाती ठोकून जाहीर केलं.

वारा तसाही येत नव्हता. १९८३चा ऑगस्ट, आखातातल्या अल रय्यानच्या बाहेर कंपनीचा कॅम्प, आणि महिपतीच्या खोलीतला एसी तीनदा दुरुस्त होऊनही नुसता घरघरत होता. पण त्याचा जीव अडकला होता खाटेखालच्या विजेच्या शेगडीत. खोलीत स्वयंपाकाला सक्त मनाई! शेगडी सापडली तर जप्त, आणि मग दोन्ही वेळ मेसचं ते फिकं सांबार.

म्हणून तर त्यानं शेजारच्या खोलीतल्या सबॅस्टियनचा सल्ला घेतला होता. सबॅस्टियन वसईचा, ऑफिसात टायपिस्ट. महिपतीच्या लेखी हायकोर्टच.

"अमेरिकेच्या घटनेत चौथी दुरुस्ती आहे," सबॅस्टियन म्हणाला होता.

"तीन झाल्या की! चौथीनं काय थंड हुणार हाय?"

"एसीची नाही रे बाबा, घटनेची! जज्जाचं वॉरंट असल्याशिवाय पोलिसांनी उगाच घरात शिरून झडती घ्यायची नाही, काही उचलून न्यायचं नाही. कुठली जागा, कुठली वस्तू, सगळं त्यात लिहिलेलं पाहिजे. पण ते अमेरिकेत हं!"

"आपला साहेब अमेरिकनच हाय न्हवं? मग खलास!"

शुक्रवारची सुट्टी होती. महिपतीनं मटणाचा कुकर चढवून खाटेवरची चादर जमिनीपर्यंत ओढली, तोच दार वाजलं. दारात कॅम्पचा सुपरवायझर कमाल! मागे पाने-पक्कड घेतलेली दोन माणसं.

"यल्ला महिपती, हटो. एसी निकालना है."

आज एसी जप्त, म्हणजे उद्या शेगडी! त्यानं दोन्ही हात चौकटीला लावले.

"वॉरंट किधर है?"

"क्या रंट?"

"जज का कागद! कौनसा कमरा, कौनसा सामान, सब लिखा होना! चौथी दुरुस्ती है, मालूम?"

"अरे, चौथी दुरुस्ती नहीं करनी! इसीलिए तो नया—"

कमालचं पुढचं बोलणं ऐकूच आलं नाही. खाटेखालून कुकरनं अशी लांबलचक शिट्टी मारली, की मागचा माणूस दचकून दोन पावलं सरला.

"क्या है ये?" कमालनं विचारलं.

"एसी!" महिपती बोलून गेला.

"अच्छा? ठीक चलता है?"

"एकदम फस्क्लास!"

"फिर खलास." कमाल वळला. जाता जाता म्हणाला, "और सुनो, एसी में मटन जल रहा है. उतार लो."

शेगडी वाचली! महिपतीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. वाटीभर रस्सा घेऊन तो संध्याकाळी सबॅस्टियनचे आभार मानायला गेला. दार उघडलं आणि अंगावर गारेगार झोत आला. आत कोरा करकरीत एसी! सबॅस्टियन चक्क शाल पांघरून बसला होता.

"तुझ्यासाठीच आणला होता रे," तो ओशाळून म्हणाला. "पण कमाल म्हणाला, महिपतीचा फर्स्टक्लास चालतो."

महिपतीनं सबॅस्टियनसमोरची वाटी उचलली आणि तडक कमालची खोली गाठली. कमालनं मटण मन लावून खाल्लं, बोटं चाटली.

"शुक्रन, भाई. लेकिन नया खलास. तुम्हारा पुराना ही फिर से दुरुस्त करेंगे, इन्शाल्ला."

महिपती खोलीवर परतला. शेगडी सहीसलामत होती. आता अख्खी खोलीच शेगडी झाली होती. सबॅस्टियननं खिडकीतून विचारलं, "काय म्हणाला रे?"

"मिळाली की," महिपती घाम पुसत म्हणाला, "चौथी दुरुस्ती!"